मुळात नसलेल्या ओळी

तात्यांनी आयुष्यभर कॉलेजात लॅटिन शिकवलं. शिकायला कोणी येईना, तेव्हा निवृत्त होऊन त्यांनी एक लॅटिन महाकाव्य मराठीत आणायला घेतलं, हल्लीच्या वाचकांसाठी. तो वाचक अजून दिसला नव्हता. प्रभादेवीच्या त्यांच्या घरी यायचा तो फक्त प्रकाशकाचा संपादक, पुष्कर.

"तात्या, शेवटच्या सर्गात घोळ आहे," पुष्कर म्हणाला. "युद्धावरून परतलेला सेनापती बायकोची माफी मागतो. मुळात ती चकार शब्द काढत नाही. तुमच्या मराठीत ती त्याला चांगली झापते."

"थोडीशीच."

"'तुमची पुस्तकं वाचून झाली असतील, तर जरा माझ्याकडे बघा'? अहो, सेनापती आहे तो! पुस्तकं कुठून आली?"

तात्या चष्मा पुसत राहिले. विद्यार्थ्याने पदरचं एक विशेषण घातलं, तरी अख्खं भाषांतर पुन्हा करायला लावणारे हेच तात्या.

"काढतो मग त्या ओळी," पुष्कर म्हणाला.

"राहू दे रे. मूळ कवीला चालली असेल ती गप्प. मला नाही जमलं."

चहा संपवून पुष्कर निघाला. खिडकीशी तात्यांची बायको, ललिताकाकू, व्हीलचेअरवर बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती.

"येतो हं काकू."

काकू खालच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"जेवूनच जा म्हणतेय," तात्यांनी सांगितलं.