गार की गरम

प्रज्ञेशच्या हातून कप निसटला, तेव्हा शैलाताईंनी फरशीवरच्या चहाकडे पाहिलं आणि भीमरावांनी मुलाच्या करंगळीकडे.

"परत तेच," प्रज्ञेश म्हणाला. "करंगळीला मुंग्या येतात पप्पा. हाताला ग्रिपच नाही."

"किती दिवस झाले?"

"दोन महिने असतील. ऑफिसात सगळ्यांचंच काही ना काही दुखतंय. कोणाची मान, कोणाची पाठ."

"कॉम्प्युटर बंद केलास की हात चालेल," शैलाताई फडकं घेऊन वाकता वाकता म्हणाल्या.

सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं भीमरावांनी गडचिरोलीकडची खेडी पायाखाली घातली होती. शाळेतल्या पोरांना उजेडात पाठमोरं उभं करून चट्टे शोधायचे, घरोघर गोळ्या पोचवायच्या, आणि गोळ्यांपेक्षा जास्त धीर द्यायचा. करंगळीपासून सुरुवात कशी होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. काहींच्या अंगावर चट्टा उठतच नाही. रोग नुसता नसेत दडून बसतो आणि बोटं वाकडी झाल्यावरच कळतो. असे लोकही त्यांनी पाहिले होते.

येत्या गुरुवारी प्रज्ञेश दीड वर्षासाठी अमेरिकेला निघाला होता. धायरीच्या या फ्लॅटच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागून अजून वर्षही झालं नव्हतं.

त्यांनी त्याचं कोपर हातात घेतलं आणि आतल्या बाजूची नस चाचपली. जाड झालीय की नाही, बोटांना नक्की उमगेना. एके काळी डोळे मिटून सांगायचे. पण पोटच्या पोराची नस ती, मनच धजत नसेल.

शनिवारी बापलेक कर्वेनगरला नसांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात वाकवून, टिचक्या मारून पाहिला.

"दिवसभर कोपर टेबलावर टेकवून बसता. नस दबलीय. कोपराखाली उशी घ्या, रात्री पट्टा लावा. संपलं."

"डॉक्टर," भीमरावांनी विचारलं, "कुष्ठरोग तर नसेल?"

प्रज्ञेशने चमकून बापाकडे पाहिलं.

"काका, कुष्ठरोग गेला. सरकारने जाहीर केलंय, झाली दोन वर्षं. आपल्याकडे पेपर येत नाही का?"

"जाहीर झालंय हे त्या रोगाला कोणी कळवलं नाही साहेब. चट्ट्याशिवायही असतो तो. नसेचा तुकडा तपासायला पाठवला तर..."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

रिक्षात प्रज्ञेश बाहेर बघत बसला. घरी पोचल्यावर शैलाताईंनी दार उघडलं आणि विचारलं, "अहो, दुसरी चप्पल कुठाय?" भीमरावांनी पाहिलं तर एक पाय अनवाणी. कुठे निसटली, पत्ताच नाही. काळजीने माणूस वेंधळा होतो तो असा.

हात लावल्याने काही होत नाही, औषधाने हा रोग साफ बरा होतो, असं त्यांनी हजार उंबरठ्यांवर छातीठोकपणे सांगितलं होतं. आता स्वतःच्या उंबरठ्याच्या आत ते भेदरून बसले. मीच आणला हा घरात, एवढंच राहून राहून मनात येत होतं. संध्याकाळी ते बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. पोरगा गुरुवारी जाणार, तिकडे कोण ओळखणार, आणि इकडे त्यांचं कोण ऐकणार?

रविवारी सकाळी त्यांनी ट्रंकेतून काचेच्या दोन नळ्या काढल्या. शैलाताई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. गेल्या हिवाळ्यापासून ते काम त्यांच्याकडेच आलं होतं.

"नळ्या कशाला?"

"एकदा खात्री करतो. तो रोग असला की बोटांना गार-गरम कळत नाही."

गॅसवर पाणी तापलं. सांडशी न घेताच त्यांनी पातेलं उतरवलं. "हात आहे की पक्कड," शैलाताई नेहमीसारखं म्हणाल्या. तीस वर्षांत हात असे तयार झाले, याचा भीमरावांना जरा अभिमानच होता.

एका नळीत त्यांनी माठातलं पाणी भरलं, दुसरीत गरम. खात्याची शिस्त अशी, की गरम नळी आधी आपल्या बोटांत धरून बघायची, सोसवेल इतकीच पेशंटला लावायची. त्यांनी धरली. कोमट. पाणी पुन्हा तापवून भरलं. तरी कोमटच. तिसऱ्या वेळी जराशी ऊब लागली, तेव्हा ते बाहेर आले.

"डोळे मीट. गार की गरम, एवढंच सांग."

"पप्पा, डॉक्टर म्हणाले ना..."

"मीट."

त्यांनी एक नळी करंगळीला टेकवली.

"गार."

अंदाजानेही सांगता येतं. भीमरावांनी श्वास रोखला आणि दुसरी टेकवली.

"आई गं," प्रज्ञेश ताडकन उठला. "पप्पा, उकळतं पाणी आहे हे. मारता का काय?"

करंगळी लालबुंद झाली होती.

"भाजलं? खरंच भाजलं तुला?"

"मग काय नाटक करतोय?"

भीमराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. करंगळी शाबूत होती. डॉक्टर बरोबर होते, उशी आणि पट्टा, संपलं. पोरगं गुरुवारी खुशाल विमानात बसणार होतं.

"शैला, शिरा कर. भरपूर तूप घालून."

शैलाताई जागच्या हलल्या नाहीत. त्या प्रज्ञेशच्या करंगळीकडे बघत नव्हत्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती नळी खाली ठेवा ना."

भीमरावांनी खाली पाहिलं. नळीच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि त्यांची मूठ तिच्याभोवती घट्ट मिटलेली होती.