चार घरांचा फोनो

"तुझा इश्वास बसायचा न्हाय, पण या चाळीत बिनचावीचा फोनो वाजलाय," तात्याबा म्हणाला आणि काशम्माच्या सुपातली एक विडी त्यानं हळूच उचलली. काशम्मानं त्याच्याकडं न बघता ती काढून घेतली आणि पुन्हा जुडीत ठेवली.

जोतीराम कंटाळून पायरीवर बसला होता. गिरणीतला कारकून तो, सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दारोदार फिरत होता. नवा टेप एकट्यादुकट्याला परवडायचा नाही. चार घरांनी मिळून जुना घ्यावा, असं त्याच्या डोक्यात होतं. तीन घरं तयार झाली होती. चौथी काशम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि एकच बोलत होती, "मला भागीत न्हाय घ्यायचं काही."

"भागीतच सुख असतंय, काशम्मा," तात्याबा म्हणाला. "जोतीराम, तू तवा हितं राहत न्हवतास. बहात्तर साली जुन्या बाजारातनं चावीचा फोनो आणला आमी. चार घरांत मिळून. पण एखाद्यानं गुपचूप एकट्यानंच वाजवला तर? म्हणून वाटण्या केल्या. पेटी चनबसप्पाकडं. पिनांची डबी गोजरबाईकडं. तबकड्या हिच्याकडं. आन चावी माझ्याकडं."

"चावीच का तुमच्याकडं?"

"जोखमीचं काम हाय ते. जरा जास्ती पिळली की आतली कमान तुटती. इमानी माणूस लागतो."

काशम्माची कात्री पानावरनं कर्रकन फिरली.

"ऐतवारी चौघं जमायचो. सगळ्या तबकड्या वाजायच्या. हिची एक तेलुगू व्हती, ती शेवटाला. तवर पिन बोथट झालेली आन मंडळी जेवायला उठलेली." तात्याबा हसला. "आमाला त्यातलं कळायचं बी न्हाय की."

जोतीराम हसला नाही. त्यानं काशम्माकडं पाहिलं. ती विडीला दोरा गुंडाळत होती.

"तर एका बुधवारी हिची आई आलेली. तेलंगणातली. थकलेली म्हातारी, पुन्ना येईल न येईल. दुपारच्या गाडीनं माघारी निघायची. म्हणाली, माझ्या लग्नात वाजलेलं गाणं तुझ्याकडं हाय म्हणतीस, तेवढं कानावर घाल. झालं. ही निघाली फोनो गोळा करत."

"मिळाला?"

"मिळतोय कशाचा. चनबसप्पानं पेटीवर पिठाचा डबा ठेवलेला. म्हणतो, बुधवारी कसलं गाणं, ऐतवारी ये. हिनं हुज्जत घालून घालून डबा स्वतःच उतरवला. गोजरबाई नळावर. ती म्हणती, नंबर गेला तर पाणी तू देशील का? नंबर लागून घागर भरेस्तवर ही तितंच उभी. मग पिन मिळाली, ती बी झिजलेली. नवी ऐतवारला लागती म्हणं."

"आणि चावी?"

"तितंच तर घोडं पेंड खात व्हतं. मी नेमका आदल्या दिवशी करमाळ्याला गेलेलो, देवीला. माझं दार बंद. चावी आत."

तात्याबानं खिशातली स्वतःची विडी काढली, पेटवली, आणि जोतीराम पुढं सरकेपर्यंत झुरके घेत राहिला.

"गाडीला तासभर राहिलेला. पेटी हाय, पिन हाय, तबकडी हाय, आन फिरवायला कायच न्हाय. ही रडकुंडीला आली. तवा म्हातारी म्हणाली, सरक बाजूला. तिनं तबकडीच्या मधल्या कागदावर बोट ठेवलं. साधं बोट न्हवं ते. सारी हयात रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरलेलं. धागा तुटू न देता फिरवायची सवय. लागली की फिरवायला. आन काय सांगू जोतीराम, गाणं असं निघालं, असं निघालं, की मूळ गाणारीनं बी तोंडात बोट घालावं. एका सुरात, सुरुवातीपासनं शेवटापातूर. नळावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. चनबसप्पा पिठाच्या हातानं दारात उभा. गोजरबाईनं पदर डोळ्याला लावला. भाषा कुणाला येत न्हवती, पर माझ्या बी डोळ्यांतनं घळाघळा पाणी. याला म्हणत्यात भागीतलं सुख."

त्यानं डोळ्यांच्या कडा बोटानं टिपल्यासुद्धा.

काशम्मानं सूप मांडीवरनं खाली ठेवलं.

"करमाळ्यापातूर ऐकू आलं व्हय, तात्याबा?"

तात्याबा विडीची राख झटकू लागला.

"बोटानं फिरवली, ते खरं हाय," काशम्मा जोतीरामला म्हणाली. "दोनदा फिरवली. रेडकू वरडल्यागत आवाज आला. आई म्हणाली, राहू दे, गाडी चुकंल. पुन्ना न्हाय आली ती. गावाकडंच वारली."

मग ती तात्याबाकडं वळली.

"तुमच्या दाराला कुलूप न्हवतं त्या दिवशी. मी तीन डाव कडी वाजवली. आत तुमी खोकत व्हता."