सातचा भोंगा

चार्जरची वायर. ताटलीत भाजलेल्या शेंगा. अबोलीचा गजरा. शाळेच्या छपरावरचा भोंगा.

सात वाजता भोंगा वाजला आणि गावातले सगळे मोबाइल दीड तासासाठी बंद झाले. शालनच्या नवऱ्याने गेम अर्धवट सोडून मोबाइल पालथा ठेवला. गजरा सावरत ती शेंगा घेऊन समोर बसली.

“बोला की आता. नऊ वर्षं त्या गेमशीच संसार केलात.”

त्याने एक शेंग फोडली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले. “मला गेम कधी आवडलाच नाही गं,” तो शांतपणे म्हणाला. “पण तो चालू असला की तू बोलत नाहीस.”

साडेआठला भोंगा पुन्हा वाजला, तेव्हाही दाणे तिच्या मुठीतच होते. दुसऱ्या हाताने तिने मोबाइल उचलून त्याला दिला.

माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून भोंग्याचा ठराव ग्रामसभेत शालननेच मांडला होता.