खंडेनवमीचा कम्प्युटर

"आधी चपला बाहेर! आणि हात मागं बांधा सगळ्यांनी," मुख्याध्यापक यादव सरांनी दारातूनच दरडावलं.

दिंडोरीजवळच्या त्या शाळेतली चौथीची पोरं सरांच्या खोलीत चोरपावलांनी शिरली. खंडेनवमी होती. टेबलावर कम्प्युटर मांडला होता. त्याला झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचा टिळा, पुढ्यात नारळ. गावातला पहिलाच कम्प्युटर. जूनमध्ये आला तेव्हापासून चादरीखाली होता. चादर निघाली ती आज, पूजेपुरती.

भाग्यश्रीबाई पोरांच्या मागून आल्या. नवरात्राचे उपास, अनवाणी पाय, आणि आवाज इतका हळू की मागच्या पोरांना कान टवकारावे लागत. सर कम्प्युटरला हात लावू देईनात, तेव्हा बाईंनीच पोरांकडून लग्नपत्रिकांचे पुठ्ठे चिकटवून कीबोर्ड करून घेतला होता. एकेक अक्षर कातरून डकवलेलं. पोरं पाळीपाळीनं त्यावर बोटं चालवायची.

द्राक्षबागेत छाटणीला जाणाऱ्या मजुराची पायल तो पुठ्ठा छातीशी धरून पुढं झाली.

"सर, आमचा बी ठिवू का पूजेला? आम्ही रोज शिकतो याच्यावर."

"हा उकिरडा इथं कशाला आणलास?" सरांनी पुठ्ठा हिसकला आणि दाराबाहेर, चपलांवर भिरकावला. "मागं हो आधी. हात लागेल तुझा!"

पायल मागं झाली. रडली नाही. पाठीमागं एका हातानं दुसरा घट्ट धरून उभी राहिली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, आज पूजा कशाची असते हो?"

"हत्यारांची. हे मी सांगायचं होय तुम्हाला?"

"विळ्याची असते, पाभरीची असते, छाटणीच्या कात्रीची असते. वर्षभर राबतात त्यांची. हा कधी राबला?"

"बाई, सरकारी वस्तू आहे. पोरांनी बिघडवली तर जाब मला विचारतील."

"आणि पोरं तशीच पाचवीला गेली, तर कोण विचारणार?"

बाईंनी हार काढला, नारळ बाजूला सारला, सरांचीच खुर्ची टेबलापुढं ओढली.

"पायल, ये. बैस."

"अहो, मांडलेली पूजा मोडताय! तीही नवरात्रात! पाप लागेल!"

"लागू दे. माझ्या नऊ दिवसांच्या उपासातून वळतं होईल ते."

पायल खुर्चीच्या टोकाशी बसली. तिनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा बाईंकडं. मग एक बोट पुढं करून खऱ्या कीबोर्डच्या बटणावर टेकवलं आणि चटका बसल्यागत मागं घेतलं.

"बाई... हे तर आत जातंय!"

सरांच्या डोळ्यांत डोळे घालून, आख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या,

"दाब. अजून जोरात दाब."