मुठीचं खातं

"आक्का, मशीन म्हणतंय तुम्ही डाळ चोरता," शिवलिंगअप्पा खाली बघत म्हणाले.

बार्शीच्या त्यांच्या दुकानात तीन वर्षांत कोणी हिशेब लिहिलाच नव्हता. तराजू जे मोजत, पिंपातून जे कमी होई, ते आपोआप खात्यात चढे. आज मशीनने बावीस किलोंची तूट दाखवून तनुआक्काचा पगार थांबवला होता.

"मापावर एक मूठ जास्तीची टाकते मी. तुमच्या वडिलांनीच शिकवलंय."

"ते त्याला कुठं ठाऊक?"

"मग सांगू की!" आक्का मशीनच्या पडद्यासमोर उभी राहिली. "नवीन खातं उघड. नाव लिही, मूठ. ही तूट चोरीतून काढ आणि त्या खात्यात विक्रीखर्च म्हणून घाल. आता सांग, माझ्या काट्यावरची किती गिऱ्हाइकं परत आली?"

"शंभरातली नव्वद," मशीन म्हणालं.

"आणि अप्पांच्या?"

"बावन्न. तनुबाईंचा पगार जमा केला आहे."

पुढच्या गिऱ्हाइकाची डाळ तोलून झाल्यावर अप्पांनी हळूच वर मूठ टाकली.

"अप्पा, जरा मोठी टाका," आक्का म्हणाली. "खात्यात दिसते ती."