पाचवीची मेंढरं

आष्ट्याबाहेरच्या वाटेवर चंद्राबाई दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि चाळीस मेंढरं एकमेकांवर आदळून थांबली. दिवस मावळायला आला होता.

"हरिबा, आज मेंढरं माझ्यात बसवायची," ती म्हणाली.

हरिबा म्हसवडाकडचा धनगर. दर हिवाळ्याला मेंढरं घेऊन इकडं उतरायचा. लोक खतासाठी कळप रातभर आपल्या रानात बसवून घ्यायचे आणि त्याला सूपभर जोंधळे द्यायचे.

"आज नानासोंच्या रानात ठरलंय, आक्का."

"नानासोचं रान उद्याबी रानच असंल."

"तुमचं रान कंचं?"

"रान न्हाई. घर."

हरिबानं पटका मागं सारून डोकं खाजवलं. "घरात काय पेरायचं हाय?"

"पेरलं, उगवलं. आता गारठ्यानं चाललंय. नात हाय, आठव्या म्हैन्यात झालेली. काल सकाळपास्नं रडली न्हाई."

 हरिबानं तोंडानं 'हर्र' केलं आणि कळप गावाकडं वळवला.

ऐन पौषात आठ दिवस पाऊस पडून गेला होता. शेण्यांचा ढीग भिजून पुन्हा शेण झाला होता. वखारीत लाकूड होतं, पण लढाईनं त्याचा भाव असा चढवला होता की वखारवाला ते दागिन्यासारखं कुलपात ठेवायचा. चंद्राबाईनं आधी मोडका नांगर जाळला, मग गोठ्याचं दार, आणि परवा पाळणा. पाळण्याच्या निखाऱ्यावर पाळण्यातलं पोर शेकून काढलं. आता घरात जाळण्यासारखी एक बाजच उरली होती आणि तिच्यावर बाळंतीण होती.

भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. बरणीत मिठाचं पाणी झालं होतं. लामावर, लढाईला गेलेल्या लेकाचा फोटो ओल धरून फुगला होता आणि त्याला चांगली गालफडं आली होती. लढाईत पोटभर मिळतंय, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

हरिबा वहाणा घालूनच आत आला.  चाळीस मेंढरं घेऊन घरात येणाऱ्याला वहाणा काढायला सांगणं चंद्राबाईला जरा जास्तच वाटलं.

"बाहेरपरीस आतच गार हाय की," तो म्हणाला. "आमाला वाटायचं, घरातली माणसं उबीत असत्यात."

"आमालाबी तसंच वाटायचं."

मेंढरं सोप्यात मावेनात तशी माजघरात शिरली. एडका देव्हाऱ्यापुढं देवांकडं तोंड करून बसला. बाजेखाली, जिथं बाळंतिणीची शेगडी ठेवायची, तिथं तीन मेंढ्या सरकल्या. पाण्याच्या हंड्याकडं जायची वाट बंद झाली.

"आत्या," सून विजयमाला बाजेवरून म्हणाली, "मेंढरू माझं तोंड चाटतंय."

"गरम हाय का?"

"हाय."

"मग चाटू दे."

पोरीची पाचवी होती. रातच्याला सटवी येऊन कपाळावर लिहिणार, म्हणून चंद्राबाईनं पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडली होती. कागद ओलीनं मऊ पडला होता.

"असल्या ओलीत शाई पसरंल," ती म्हणाली. "काय लिवलं ते मागनं तिलाच वाचाय याचं न्हाई."

"पर ती आत येनार कुठनं?" हरिबा म्हणाला. "पाय ठेवाय जागा न्हाई."

"यील. मेंढराच्या पाठीवर बसून लिवंल."

तिनं जोंधळ्याचं सूप त्याच्यापुढं धरलं. हरिबानं ते हातानं मागं सारलं.

"मेंढरं बसवल्याचं काय झालं ते पीक आल्यावर कळतंय, आक्का. तवा बघू." आणि तो बाहेर कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसला.

उजाडताना चंद्राबाई जागी झाली ती घामानं. कपाळावरचं पाणी तिनं बोटानं टिपून चाखलं. खारट होतं, म्हणजे भिंतीचं नव्हतं. तिनं वर बघितलं. भिंती वाफाळत होत्या. चूल गार होती आणि कौलांच्या फटींतून वाफ बाहेर चालली होती, गुऱ्हाळावर असते तशी. फोटोतला लेक वाळून पुन्हा पहिल्यासारखा हडकुळा झाला होता.

तेवढ्यात पोरगी रडली.

आवाज बारीक होता, आंब्याच्या कोयीएवढा. पण बाजेखालची मेंढी ताडकन उठली आणि ओरडली. मग तिच्या शेजारची. मग सोप्यातल्या, चुलीपुढच्या, दारातल्या. ज्यांची कोकरं पोटाशीच होती त्यादेखील उठल्या. एकेकीला वाटलं, आपलंच. सगळं घर बाजेकडं तोंड करून ओरडत होतं आणि मधे पोरगी त्यांना तोडीस तोड उत्तर देत होती. विजयमाला हसत होती की रडत होती, ते त्या कालव्यात कळत नव्हतं.

हरिबा दारात आला. त्यानं रोजच्यासारखं 'हर्र' केलं. त्या आवाजावर त्याची मेंढरं नदीतसुद्धा उतरायची. आज एकही हललं नाही. त्यानं पुन्हा केलं. एडक्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, परक्या माणसाकडं बघावं तसं, आणि परत बाजेकडं तोंड केलं.

हरिबा तसाच उभा राहिला. वाफाळणाऱ्या भिंती त्यानं बघितल्या, बाजेवरची हलणारी मूठ बघितली. मग तो दोन पावलं मागं गेला, उंबऱ्याबाहेर वहाणा काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या, आणि अनवाणी आत आला.