कूलरचं तोंड

दुपारच्या शांततेत कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पंखा एकदम घरघरला. मी प्रोसेसरचं तापमान उघडून पाहिलं, तर आकडा भराभर चढत होता. रुणूचे बाबा गेल्यापासून याच कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नाचे अल्बम करून आमचं घर चालतं. घाबरून मी झोपलेल्या रुणूवरचा कूलर त्याच्याकडे वळवला. तरी स्क्रीन काळी झालीच.

घामेजलेली रुणू उठून बसली. "मेला काय वो आई तो?"

"नाही माय. लय तापला न, म्हणून आपोआप बंद झाला. थंडा झाला का होते चालू."

तिनं कॅबिनेटवर हात ठेवला. "ऊन लागलं तवा बाबाबी त लय तापले होते. मंग थंडे झाल्यावर काऊन नाही उठले?"